उलटीचा हुकूम कोठून सुटतो

उलटी ही पोटाची तक्रार समजली जाते आणि ती झाली की पहिला संशय आदल्या जेवणावर घेतला जातो. परंतु शरीरक्रियाशास्त्राच्या दृष्टीने पाहिले, तर या साऱ्या प्रकारात जठराचा स्वतःचा वाटा आश्चर्य वाटावे इतका थोडा असतो. फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांनी १८१३ साली ही गोष्ट एका धाडसी, आणि आजच्या नीतिनियमांत मुळीच न बसणाऱ्या, प्रयोगाने दाखवून दिली. त्यांनी कुत्र्याचे जठर काढून त्याच्या जागी डुकराचे मूत्राशय अन्ननलिकेला जोडले आणि अँटिमनीचा एक वांतिकारक क्षार थेट शिरेतून टोचला. मूत्राशयाच्या त्या निर्जीव पिशवीला आकुंचन पावण्याची कसलीही शक्ती नव्हती, तरीही कुत्र्याला उमासे आले आणि पिशवीतील द्रव तोंडावाटे बाहेर पडला. जठर जोराने आवळले जाऊन अन्न वर फेकते, ही समजूत त्यामुळे निकालात निघाली. अन्न बाहेर ढकलण्याचे काम पोटाचे स्नायू आणि छाती व पोट यांच्यामधील मध्यपटल करते, आणि हे दोन्ही स्नायू मेंदूच्या आज्ञेवाचून हलत नाहीत. क्षार पोटात न जाता रक्तात गेला असूनही उलटी झाली, म्हणजे रक्तातील विष ओळखणारे असे काहीतरी शरीरात आहे, हा दुसरा निष्कर्षही त्या प्रयोगात दडलेला होता. तो उलगडायला मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे लागली.

उलटी होण्यापूर्वी शरीरात जी तयारी चालते तिचा क्रम ठरलेला असतो. प्रथम मळमळ सुरू होते, चेहरा पांढराफटक पडतो, कपाळावर गार घाम येतो, नाडी जलद होते आणि तोंडात लाळ दाटून येते. ही लाळ निरर्थक नसते. ती अल्कधर्मी असल्याने लवकरच वर येणाऱ्या जठराम्लापासून दातांचे व घशाचे काही अंशी रक्षण होते. याच सुमारास जठराचा वरचा भाग सैल पडतो, अन्न पुढे सरकवणारी नेहमीची हालचाल थांबते आणि लहान आतड्याच्या साधारण मध्यापासून एक मोठी उलट दिशेची आकुंचनाची लाट निघून आतड्यातील द्रव जठरात आणून सोडते. जोराच्या उलटीत पिवळे-हिरवे, कडू पित्त पडते ते या लाटेमुळेच. सामान्यतः पित्त जठरात नसते, ते त्याच्या पुढे लहान आतड्याच्या आरंभी येऊन मिळते. ‘पित्त उसळले म्हणून उलटी झाली’ असे जे म्हटले जाते, त्यात कार्य आणि कारण यांची बहुधा अदलाबदल झालेली असते.

यानंतर उमासे येतात. श्वास रोखला जातो, स्वरयंत्राचे दार बंद होते आणि मध्यपटल व पोटाचे स्नायू एकाच वेळी, ठेक्याने, पुन:पुन्हा आवळले जातात. पोटातील दाब वाढतो, पण छातीतील दाब त्याच क्षणी उणा होत असल्याने अन्न अन्ननलिकेत वर चढते आणि पुन्हा खाली उतरते. बाहेर काहीच पडत नाही. प्रत्यक्ष उलटीच्या क्षणी एक सूक्ष्म बदल होतो. अन्ननलिका मध्यपटलातील ज्या छिद्रातून खाली उतरते, त्या छिद्राभोवतीचे स्नायुतंतू एकाएकी सैल पडतात आणि उरलेले स्नायू मात्र आवळलेलेच राहतात. त्यामुळे पोट आणि छाती या दोन्हींतील दाब एकाच दिशेने, म्हणजे वरच्या दिशेने, काम करू लागतो. त्याच वेळी मृदुतालू वर उचलली जाऊन नाकाकडचा मार्ग अडवते, अन्ननलिकेचे वरचे दार उघडते आणि जठरातील द्रव बाहेर पडतो. एरवी श्वासासाठी अविरत राबणारे मध्यपटल काही क्षण श्वसनाच्या सेवेतून काढून घेऊन वेगळ्याच कामाला जुंपणे, त्यातही त्याचा एक भाग सैल आणि दुसरा ताठ ठेवणे, आणि एवढे करून अन्नाचा कण फुप्फुसात जाऊ न देणे, हे सारे काही सेकंदांत साधते. इतके गुंतागुंतीचे संयोजन एखाद्या बिघडलेल्या पोटाला जमणारे नाही.

हे संयोजन मेंदूच्या अगदी तळाशी, मज्जारज्जू जेथे मेंदूला मिळतो त्या लंबमज्जा नावाच्या भागात होते. श्वसन, हृदयाचे ठोके, गिळणे आणि खोकणे यांची नियंत्रणेही याच अंगठ्याएवढ्या भागात आहेत, हा योगायोग नाही, कारण उलटीसाठी लागणारे स्नायू आणि नसा त्याच आहेत. अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिह-चुन वांग आणि हर्बर्ट बोरिसन यांनी १९४९ ते १९५३ या काळात कुत्रे व मांजरे यांच्यावर केलेल्या प्रयोगांतून या नियंत्रणाचे दोन वेगवेगळे भाग असल्याचे दिसले. त्यांनी दोन वांतिकारक द्रव्ये वापरली. एक अपोमॉर्फिन, जे टोचल्यावर रक्तातून काम करते, आणि दुसरे कॉपर सल्फेट, म्हणजे द्राक्षबागायतदारांना बोर्डो मिश्रणामुळे चांगले परिचित असलेले मोरचूद, जे तोंडावाटे दिल्यावर आतड्याच्या अस्तराला झोंबते. लंबमज्जेच्या पृष्ठभागावरील ‘एरिया पोस्ट्रेमा’ हा चिमुकला उंचवटा नष्ट केला, तर अपोमॉर्फिनने उलटी होईना, पण मोरचुदाने होतच राहिली. उलट पोटाकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा कापल्या, की थोड्या मात्रेचे मोरचूद निष्प्रभ ठरे. तात्पर्य, विषाची खबर मेंदूपर्यंत पोहोचण्याचा एक मार्ग रक्ताचा आणि दुसरा नसांचा आहे, आणि दोन्ही मार्ग पुढे जाऊन लंबमज्जेतील एकाच यंत्रणेला मिळतात.

रक्ताचा मार्ग समजण्यासाठी मेंदूभोवतीचे एक कुंपण लक्षात घ्यावे लागते. मेंदूतील केशवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात, की रक्तातील बहुतेक मोठे रेणू आणि अनेक विषे मेंदूच्या पेशींपर्यंत पोहोचूच शकत नाहीत. याला रक्त-मेंदू अडसर म्हणतात. हा अडसर मेंदूचे रक्षण करतो, पण ज्याला विष चाखताच येत नाही त्याला विषाची वर्दी कशी मिळावी, असा पेच त्यातून उभा राहतो. एरिया पोस्ट्रेमा हे त्याचे उत्तर आहे. स्वीडिश शरीररचनाशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रेट्झियस यांनी १८९६ मध्ये नाव दिलेल्या या भागातील केशवाहिन्यांना सूक्ष्म छिद्रे असतात, आणि त्यामुळे तो गावाच्या वेशीबाहेर बसवलेल्या चौकीप्रमाणे कुंपणापलीकडे राहून रक्तातील घटकांची झडती घेतो. डोपामिन, सेरोटोनिन, अफूजन्य औषधे आणि अनेक संप्रेरके यांना प्रतिसाद देणारे ग्राही, म्हणजे विशिष्ट रेणू बरोबर बसतील अशा रचनेची प्रथिने, या भागातील पेशींवर असतात. मॉर्फिन दिल्यावर अनेकांना मळमळते, ते पोटात काही बिघडल्यामुळे नव्हे, तर या चौकीतील पेशी चेतवल्या गेल्यामुळे.

जुन्या पाठ्यपुस्तकांत ‘वमनकेंद्र’ नावाचा एक ठिपका मेंदूच्या आकृतीत दाखवलेला असे. तसा एकच ठिपका मात्र असत नाही. एरिया पोस्ट्रेमाला लागूनच असलेला ‘न्यूक्लियस ट्रॅक्टस सॉलिटेरियस’ हा चेतापेशींचा समूह सर्व बाजूंनी आलेल्या खबरा गोळा करतो आणि त्यांची बेरीज विशिष्ट पातळीपलीकडे गेली, की लंबमज्जेत विखुरलेल्या अनेक पेशीसमूहांना ठराविक क्रमाने कामाला लावतो. म्हणून मळमळ ही नेहमीच उलटीत संपत नाही. खबर अर्धवट असेल, तर माणूस तासन्‌तास नुसता कासावीस होत राहतो.

आतड्याकडून येणाऱ्या खबरेची कथा अधिक रंजक आहे, आणि वैद्यकात तिचे फळही सर्वांत मोठे मिळाले. आतड्याच्या अस्तरात, नेहमीच्या शोषक पेशींच्या अधूनमधून, एन्टेरोक्रोमाफिन नावाच्या पेशी विखुरलेल्या असतात. मनःस्थितीशी संबंध जोडला गेल्यामुळे सेरोटोनिनची ख्याती मेंदूतील रसायन म्हणून झाली आहे, पण शरीरातील सुमारे ९० टक्के सेरोटोनिन पचनमार्गात, मुख्यतः याच पेशींत असते. इटालियन शास्त्रज्ञ व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी १९३० च्या दशकात ते आतड्यातून वेगळे काढून त्याला ‘एन्टेरामिन’ म्हटले होते; १९४८ मध्ये अमेरिकेत रक्तातून वेगळे केलेले ‘सेरोटोनिन’ आणि हे एन्टेरामिन एकच असल्याचे १९५२ मध्ये सिद्ध झाले. आतड्यात विष, दाह किंवा क्षोभक पदार्थ आला की या पेशी सेरोटोनिन सोडतात. शेजारीच व्हेगस नावाच्या नसेची टोके असतात. सेरोटोनिन त्यांवरील ग्राहींना चिकटते आणि विद्युत्‌संदेश थेट लंबमज्जेकडे निघतो. व्हेगस ही मेंदूने पोटावर हुकूम चालवण्यासाठी वापरलेली नस आहे असे पूर्वी मानले जाई, परंतु तिच्यातील सुमारे ८० टक्के तंतू उलट दिशेने, पोटाकडून मेंदूकडे वार्ता नेणारे असतात.

या यंत्रणेचा सर्वांत निष्ठुर पुरावा कर्करोगाच्या उपचारांनी दिला. १९७८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिस्प्लॅटिन हे औषध वृषणाच्या कर्करोगावर विलक्षण गुणकारी ठरले, पण उलटीरोधक औषध न देता ते दिल्यास दहापैकी नऊहून अधिक रुग्णांना अशा भयंकर उलट्या होत, की काही जण बरे होण्याची शक्यता असूनही उपचार अर्धवट सोडून देत. सिस्प्लॅटिन आतड्यातील एन्टेरोक्रोमाफिन पेशींना इजा करते, त्या सेरोटोनिनचा लोंढा सोडतात आणि व्हेगसमार्गे मेंदूला जबर विषबाधेची वर्दी जाते. या विष-कल्पनेत चूकही नाही, कारण औषध खरोखर पेशींचे विषच आहे. व्हेगसच्या टोकांवरील सेरोटोनिनचा हा विशिष्ट ग्राही अडवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन १९९० च्या सुमारास वापरात आले आणि पहिल्या दिवसाच्या उलट्या बऱ्याच आटोक्यात आल्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या उलट्या मात्र त्याला जुमानीनात, कारण त्यांमागे ‘सबस्टन्स पी’ नावाचे दुसरे रसायन असते. १९३१ मध्येच उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना सापडलेल्या या रसायनाचा लंबमज्जेतील ग्राही अडवणारे अ‍ॅप्रेपिटंट हे औषध २००३ मध्ये आले. केमोथेरपी म्हणजे भडाभडा उलट्या, ही चित्रपटांनी रुजवलेली प्रतिमा जुन्या काळाची आहे. योग्य औषधे वेळेवर दिली तर आज बहुसंख्य रुग्णांना ती वेळ येत नाही, आणि हे नातेवाइकांना उपचारापूर्वीच सांगितले गेले, तर भीतीपोटी उपचार टाळणे पुष्कळ कमी होईल.

नासलेल्या अन्नाने होणाऱ्या उलटीतही आतड्याकडून व्हेगसमार्गे जाणारा हाच मार्ग वापरला जातो. मिठाई किंवा दुधाचे पदार्थ हाताळणाऱ्याच्या हातावरील जखमेतून स्टॅफिलोकॉकस जातीचे जंतू अन्नात शिरतात आणि अन्न उबदार हवेत पडून राहिले, तर त्यात विष तयार करून ठेवतात. हे विष उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे पदार्थ पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, पण विष राहते. विष आयते तयार असल्याने अर्ध्या तासापासून आठ तासांच्या आत उलट्या सुरू होतात. जंतूंची पोटात वाढ होण्याची वाट पाहावी लागत नाही. लग्नाच्या पंगतीनंतर एकाच रात्री अनेकांना उलट्या होतात, तेव्हा संशयाची सुई म्हणूनच बहुधा दुधाच्या गोड पदार्थाकडे वळते. बीजिंगमधील शास्त्रज्ञांनी २०२२ मध्ये हेच विष उंदरांना देऊन आतड्यातील पेशी, व्हेगस आणि लंबमज्जेतील विशिष्ट चेतापेशी ही साखळी दुवा दुवा जोडून दाखवली. लहान मुलांच्या जुलाबांना कारणीभूत ठरणारा रोटाव्हायरसही एन्टेरोक्रोमाफिन पेशींतून सेरोटोनिन बाहेर काढतो, त्यामुळे त्या आजारात जुलाबांच्या आधीच उलट्या सुरू झालेल्या अनेकदा आढळतात.

या बीजिंगच्या प्रयोगात एक विसंगती होती: उंदराला उलटी करताच येत नाही. त्याला तोंड वासून उमासे आल्यासारखी हालचाल तेवढी करता येते, आणि शास्त्रज्ञांना त्यावरच समाधान मानावे लागले. उंदीर, घूस, खार इत्यादी कृंतक प्राण्यांच्या मस्तिष्कस्तंभात उलटीला लागणारे स्नायूंचे संयोजन नसते, शिवाय त्यांच्या जठराची आणि अन्ननलिकेची ठेवणही त्याला प्रतिकूल असते. उंदराने ही उणीव स्वभावाने भरून काढलेली आहे. अनोळखी पदार्थ तो आधी थोडासाच कुरतडून पाहतो, त्रास झाला तर पुन्हा त्याला तोंड लावत नाही, आणि विषबाधा झालीच तर माती खातो. उलटीच्या संशोधनासाठी जपानी शास्त्रज्ञांनी म्हणून १९८७ मध्ये दुसराच प्राणी पुढे आणला, तो म्हणजे मराठी घरांत भिंतीच्या कडेने चिकचिक करत धावणारी, आणि उंदीर समजून उगाच मारली जाणारी, चिचुंद्री. ती कृंतक नाही, कीटकभक्षी आहे, आणि तिला उलटी होते. इतकेच नव्हे, तर पिंजऱ्यात ठेवून ठेक्याने मागे-पुढे हेलकावे दिले, की काही मिनिटांत तिलाही माणसासारखी गाडी लागते.

गाडी लागणे हा प्रकार वरवर पाहता अगदीच अनाकलनीय आहे, कारण त्यात विषाचा लवलेश नसतो. डोके कोणत्या दिशेने व किती वेगाने हलत आहे, याचे भान अंतर्कर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन सूक्ष्म पिशव्या देत असतात. आंबेनळी किंवा आंबोलीच्या घाटात एसटीच्या मागच्या बाकावर बसून मोबाइलमध्ये डोके घातलेल्या प्रवाशाला कान सांगतो की शरीर डावी-उजवीकडे फेकले जात आहे, तर डोळे सांगतात की समोरचा पडदा स्थिर आहे. या दोन वार्तांचा मेळ बसत नाही, आणि मेंदूचा जो अपेक्षित अंदाज असतो त्याच्याशीही त्या जुळत नाहीत. चालकाला सहसा गाडी लागत नाही, कारण पुढचे वळण त्याला दिसत असते आणि ते तोच घेत असतो. मेंदूचा अंदाज आणि कानाची वार्ता यांत त्याच्या बाबतीत तफावत पडत नाही. अंतर्कर्ण हाच या विकाराचा उगम असल्याची खूण जुनीच आहे: अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये मूकबधिर व्यक्तींना गरगर फिरवून पाहिले, तेव्हा त्यांतील अनेकांना, ज्यांचा अंतर्कर्णच निकामी होता त्यांना, भोवळ येत नसल्याचे दिसून आले. १९६१ मध्ये व्होस्तोक २ मधून पृथ्वीभोवती फिरणारे गेर्मान तितोव हे अवकाशात मळमळीने बेजार झालेले पहिले मानव. तेथे गुरुत्वाच्या अभावी कानातील पिशव्यांची वार्ताच निरर्थक होते.

पण कान आणि डोळे यांचे पटले नाही, तर त्याचा दंड पोटाला का? १९७७ मध्ये मिशेल ट्राइझमन यांनी यावर एक तर्क मांडला. माकडापासून माणसापर्यंतच्या दीर्घ उत्क्रांतीत बस, बोट किंवा विमान नव्हते. इंद्रियांच्या वार्तांत एवढी विसंगती निर्माण होण्याचे नैसर्गिक कारण बहुधा एकच होते, ते म्हणजे चेतासंस्थेवर परिणाम करणारे विष खाल्ले जाणे. म्हणून मेंदू तशा गोंधळाचा अर्थ ‘विष’ असा लावतो आणि पोट रिकामे करून टाकतो. तर्क देखणा आहे, पण तर्कच आहे. मळमळ सुरू होऊन उलटी होईपर्यंत घाटात अर्धा-पाऊण तासही जातो आणि एवढ्या वेळात विष पुष्कळसे शोषले जाईल, हा त्यावरचा आक्षेप सहज झटकून टाकण्याजोगा नाही. व्यवहारात मात्र एवढे निश्चित, की कानाकडून येणारी वार्ता मुख्यतः हिस्टामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन या रसायनांमार्फत लंबमज्जेकडे जाते, आणि म्हणून तेथे सेरोटोनिन अडवणारे ऑन्डॅन्सेट्रॉन फारसे उपयोगी पडत नाही. प्रोमेथाझिन, डायमेनहायड्रिनेट किंवा सिनारिझिन ही हिस्टामिनरोधक औषधे प्रवासाच्या अर्धा ते दोन तास आधी घ्यावी लागतात. घाट अर्धा चढून झाल्यावर, जठराचे काम बंद पडलेले असताना घेतलेली गोळी बहुधा तशीच बाहेर येते.

गर्भारपणातील मळमळीला पिढ्यान्‌पिढ्या कोडकौतुकाच्या सुरात घेतले गेले आणि डोहाळ्यांच्या खात्यात टाकले गेले. ज्या स्त्रियांना पाण्याचा घोटही ठरत नाही, त्यांना ‘सगळ्यांनाच होतं’ एवढेच ऐकायला मिळाले. २०२३ च्या डिसेंबरात मार्लेना फेज्झो, स्टीफन ओ’राहिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनाने या विषयाला पक्का पाया मिळाला. ‘जीडीएफ-१५’ नावाचे संप्रेरक गर्भ आणि वार यांतून मोठ्या प्रमाणावर आईच्या रक्तात येते, आणि त्याचा ग्राही, जो २०१७ मध्ये सापडला, तो एरिया पोस्ट्रेमा व त्याला लागून असलेल्या पेशीसमूहातच आढळतो. गर्भधारणेपूर्वी ज्या स्त्रियांच्या रक्तात हे संप्रेरक कमी असते, त्यांना त्याची सवय नसल्याने अचानक झालेली वाढ अधिक बाधते; उलट थॅलेसेमियामुळे ज्यांच्या रक्तात ते नेहमीच भरपूर असते, त्यांना हा त्रास विशेष कमी होतो. तीव्र स्वरूपाचा त्रास गर्भवतींपैकी फार तर दोन टक्क्यांना होतो, पण त्यात वजन घटते, शिरेतून द्रव व थायमिन द्यावे लागते, आणि त्याला मनाचा खेळ म्हणणे हे आता अज्ञानाचे लक्षण ठरते. वजन कमी करण्यासाठी अलीकडे गाजत असलेल्या सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी होणारी मळमळही लंबमज्जेच्या याच भागातील ग्राहींशी निगडित आहे.

मनाचा संबंध उलटीशी नाही, असा याचा अर्थ नव्हे. चरकसंहितेत ‘छर्दी’ या नावाने उलटीचे पाच प्रकार दिलेले आहेत. वात, पित्त, कफ आणि तिन्हींचा संनिपात हे चार, आणि पाचवा ‘द्विष्टार्थसंयोगज’, म्हणजे किळसवाण्या, नकोशा वस्तूशी संबंध आल्याने होणारा. दोषांच्या चौकटीत न बसणारी ही नोंद स्वतंत्र प्रकार म्हणून ठेवणाऱ्या निरीक्षणाला दाद द्यावीच लागते. किळस आणि जुन्या आठवणी या प्रमस्तिष्काच्या बाह्यकातून, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातून, खाली लंबमज्जेला संदेश धाडतात. एखादा पदार्थ खाल्ल्यावर काही तासांनी उलटी झाली, तर त्याच्या वासानेही पुढे वर्षानुवर्षे ढवळून येते. जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांना सॅकरिनचे गोड पाणी पाजून किरणोत्सर्ग दिला, तेव्हा उंदरांनी मळमळीचा दोष किरणांना न देता त्या पाण्याला दिला. केमोथेरपी घेतलेल्या काहींना पुढच्या खेपेस रुग्णालयाचा जिना चढतानाच उमासे येतात, ते याच शिकण्यामुळे. ती खबर बाह्यकातून येत असल्याने तेथे पोटावरची गोळी काय करणार?

औषधाच्या दुकानात ‘उलटीची गोळी’ म्हणून जे मागितले आणि दिले जाते, त्याची मर्यादा यावरून ध्यानात येईल. डॉम्पेरिडोन हे डोपामिनचा ग्राही अडवते, अडसर ओलांडून मेंदूत फारसे जात नाही आणि मुख्यतः एरिया पोस्ट्रेमावर व जठरावर काम करते. मेटोक्लोप्रमाइड अडसर ओलांडते, त्यामुळे मुलांत व तरुणांत त्याने मान किंवा जबडा वाकडा होण्याचा विकार कधीकधी होतो. कवटीतील दाब वाढला असेल, तर मळमळ नसताना एकाएकी पिचकारीसारखी उलटी होते आणि सोबत सकाळची डोकेदुखी असते; तेथे कोणतीही गोळी देत राहणे म्हणजे रोग लपवणे होय. हिरवी, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी काळपट उलटी, ताठ झालेले पोट, लघवी न होणे, गुंगी येणे, ही सारी ताबडतोब वैद्याकडे नेण्याची लक्षणे आहेत.

उलटीची किंमतही शरीराला मोजावी लागते. जठराम्लाबरोबर क्लोराइड जाते, त्याची भरपाई करताना मूत्रपिंडे पोटॅशियम गमावतात, आणि स्नायू गळून जातात. म्हणून जलसंजीवनीचे चमचा-चमचा घोट हाच साध्या उलट्यांवरील पहिला उपचार आहे. बेशुद्ध किंवा झिंगलेल्या माणसात स्वरयंत्राचे दार वेळेवर मिटत नाही आणि उलटी फुप्फुसात जाते. शस्त्रक्रियेआधी उपाशी ठेवण्यामागे हेच कारण आहे.

आयुर्वेदातील पंचकर्मांत वमन आहे, आणि त्यासाठी गेळफळाचा, म्हणजे मदनफळाचा, वापर वैद्याच्या देखरेखीखाली, पूर्वतयारीनिशी केला जातो. मात्र विष पोटात गेल्यावर घरच्या घरी मिठाचे पाणी पाजणे किंवा घशात बोटे घालणे यांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. रॉकेल प्यालेल्या मुलाला उलटी झाली तर ते श्वासनलिकेत शिरून न्यूमोनिया होतो. आम्ल किंवा संडास साफ करण्याचे द्रव वर येताना अन्ननलिका दुसऱ्यांदा जाळतात. कीटकनाशकाने गुंगी आलेला माणूस स्वतःच्याच उलटीत गुदमरतो. आणि मिठाचे दाट पाणी रक्तातील सोडियम वाढवून स्वतःच जीवघेणे ठरू शकते. उलटीसाठी पूर्वी घरोघरी ठेवले जाणारे इपेकॅकचे सरबत वापरू नये, असे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००३ मध्येच सांगितले. उलटी करवायची की नाही हे घरात ठरवण्यात वेळ न घालवता रुग्णाला कुशीवर वळवावे, १०८ ला फोन करावा आणि जे पोटात गेले त्याची बाटली किंवा पाकीट आठवणीने बरोबर न्यावे.